बायोप्सीत ‘न्यूरोएंडोक्राइन’ आलं, पुढे काय? पुण्यातल्या नातेवाइकांसाठी

हार्मोन सोडणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. रिपोर्टवर हा शब्द दिसला की घरात दोन नावं हमखास निघतात. पहिलं इरफान खान, कारण मार्च २०१८ मध्ये त्याने स्वतःच्या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. दुसरं स्टीव्ह जॉब्ज. त्यांच्या स्वादुपिंडातल्या गाठीचं निदान २००३ मध्ये झालं आणि २०११ मध्ये ते गेले. मग सोसायटीतलं कुणीतरी धीर द्यायला म्हणतं, “हा हळू वाढणारा कॅन्सर असतो हो, काळजी करू नका.” असा धीर देणाऱ्यांवर रागवू नका, पण त्यांच्या भरवशावर महिनाभर थांबूही नका. या एका नावाखाली स्वभावाने अगदी वेगळे आजार येतात. काही वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात, तर काहींमध्ये दर आठवडा महत्त्वाचा असतो. हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आणि दोन्हींच्या मधल्या अवघड प्रकारासाठी आहे. औषध कोणतं द्यायचं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि कोणते कागद जवळ हवेत, एवढंच इथे आहे.

आधी रिपोर्टमधल्या दोन गोष्टी शोधा

बहुतेक नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो ‘स्टेज कितवी?’ हा. या आजारात त्याच्याही आधी पॅथॉलॉजी रिपोर्टमधल्या दोन गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे ‘वेल डिफरन्शिएटेड’ लिहिलंय की ‘पुअरली डिफरन्शिएटेड’. पेशी अजून आपल्या मूळ पेशींसारख्या दिसत असतील तर तो ‘ट्यूमर’, म्हणजे नेट. ओळख हरवून बसल्या असतील तर तो ‘कार्सिनोमा’, म्हणजे एनईसी. एनईसीमध्येही स्मॉल सेल आणि लार्ज सेल असे दोन प्रकार येतात. दुसरी गोष्ट केआय-६७. शंभर पेशींमधल्या किती पेशी विभागणीच्या तयारीत आहेत, ते हा आकडा सांगतो. पोट, आतडी आणि स्वादुपिंड यांच्या गाठींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची प्रतवारी अशी आहे: ३ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे जी-१, ३ ते २० म्हणजे जी-२, २० च्या वर जी-३. फुफ्फुसाचा हिशेब वेगळा असतो. तिथे टिपिकल कार्सिनॉइड, एटिपिकल कार्सिनॉइड, लार्ज सेल आणि स्मॉल सेल अशी नावं येतात, आणि मुख्यतः विभागणाऱ्या पेशींची मोजणी आणि गाठीतला मृत झालेला भाग यांवर ती ठरतात.

खरा घोळ २० च्या वर होतो. पूर्वी २० च्या वरचं सगळं एकाच नावाखाली जायचं आणि सगळ्यांना तीच किमो मिळायची. मग लक्षात आलं की त्यात दोन वेगळे गट आहेत. २०१७ मध्ये स्वादुपिंडासाठी आणि २०१९ मध्ये साऱ्या पचनमार्गासाठी वर्गीकरण बदललं, आणि ‘नेट जी-३’ हा स्वतंत्र गट झाला: पेशी वेल डिफरन्शिएटेड, पण केआय-६७ मात्र २० च्या वर. उत्तर युरोपातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक मोठा अभ्यास या बदलामागे होता. त्यात केआय-६७ ५५ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांच्याच गाठी प्लॅटिनमच्या किमोने (सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन) आकसल्या, ५५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांमध्ये ४२ टक्क्यांच्या. तरीही कमी आकडा असलेले रुग्ण जास्त जगले. म्हणजे ‘हाय ग्रेड आहे, लगेच किमो’ हे वाक्य एका गटाला लागू पडतं आणि दुसऱ्याला तितकंसं नाही. तुमचा रुग्ण कोणत्या गटात आहे हे न कळता पहिली सलाइन लागू देऊ नका.

हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टला पुरेसा तुकडा लागतो. बारीक सुईने काढलेल्या पाण्यासारख्या नमुन्यावर, म्हणजे एफएनएसीवर, कॅन्सर आहे एवढं कळू शकतं, पण केआय-६७ नीट मोजायला किमान ५०० पेशी मोजाव्या लागतात. म्हणून शक्य तिथे जाड सुईची कोअर बायोप्सी मागा. स्वादुपिंडातल्या गाठीसाठी एंडोस्कोपीतून सोनोग्राफी करत तुकडा घेतात. रिपोर्टमध्ये आयएचसीचा, म्हणजे पेशी ओळखण्यासाठी दिलेल्या खास रंगांचा, परिच्छेद असतो. त्यात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-१ पॉझिटिव्ह असले की गाठ न्यूरोएंडोक्राइन आहे हे पक्कं होतं. सीमेवरच्या केसमध्ये पी-५३, आरबी, डीएएक्सएक्स आणि एटीआरएक्स हे जादा डाग, म्हणजे स्टेन, मदत करतात. आरबी गायब आणि पी-५३ बिघडलेलं असेल तर पारडं कार्सिनोमाकडे झुकतं. डीएएक्सएक्स किंवा एटीआरएक्स गायब असेल तर स्वादुपिंडाच्या नेटकडे. ही नावं पाठ करायची गरज नाही. ‘नेट जी-३ आहे की एनईसी, याबद्दल पॅथॉलॉजिस्टना खात्री आहे का? नसेल तर हे डाग करता येतील का?’ एवढं विचारलंत तरी डॉक्टर तुमच्याशी वेगळ्या पातळीवर बोलायला लागतात.

ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्या

बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. सेकंड ओपिनियन म्हणजे फाइलची झेरॉक्स दुसऱ्या डॉक्टरला दाखवणं, असा आपल्याकडे समज आहे. या आजारात खरं सेकंड ओपिनियन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं असतं, आणि त्यांना ब्लॉक लागतो. जिथे बायोप्सी झाली त्या हॉस्पिटलच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात अर्ज करा. ब्लॉक, रंगवलेल्या स्लाइड आणि मूळ रिपोर्ट घ्या, आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच जुळवून पाहा. बायोप्सी साताऱ्याला किंवा नगरला झाली असेल तर कुणाला तरी त्याच दिवशी पाठवा, कारण कुरिअरची वाट पाहण्यात आठवडा जातो. आणि एप्रिल-मेमध्ये ब्लॉकची पुडी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. शेवटी ते मेण आहे.

मात्र रिपोर्ट ‘स्मॉल सेल, केआय-६७ ९० टक्के’ असा स्वच्छ असेल आणि रुग्णाची तब्येत रोज उतरत असेल, तर ब्लॉक दुसरीकडे पाठवा पण उपचार त्यासाठी अडवून धरू नका. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

स्कॅन: एक पेट की दोन?

कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन तर होतोच. लिव्हरमध्ये डाग असतील तर एमआरआय जास्त बारकाईने दाखवतो. पण गोंधळ पेट स्कॅनवरून होतो, कारण ते दोन प्रकारचे असतात आणि दोन्हीला लोक नुसतं ‘पेट’ म्हणतात.

गॅलियम-६८ डोटाटेट किंवा डोटानॉक पेट पेशींवरचे सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर शोधतो. एफडीजी पेट साखर खाणाऱ्या, म्हणजे तडफेने वाढणाऱ्या पेशी शोधतो. संथ गाठ पहिल्यात चमकते, उग्र गाठ दुसऱ्यात. नेट जी-३ मध्ये बऱ्याचदा दोन्ही करावे लागतात. काही गाठी एकात दिसतात, काही दुसऱ्यात, आणि पुढचा उपचार त्यावरच ठरतो. निखळ एनईसीमध्ये एफडीजीच कामाचा. तिथे डोटाटेटसाठी पैसे आणि दिवस घालवण्याआधी त्याने निर्णय बदलणार आहे का, ते विचारा.

गॅलियम-६८ चं अर्धआयुष्य फक्त ६८ मिनिटांचं आहे, त्यामुळे दिलेली वेळ चुकली तर तुमचा डोस फुकट जातो. सिंहगड रोड किंवा हिंजवडीवरून येणार असाल तर तासभर आधी निघा. एफडीजीसाठी चार ते सहा तास उपाशी राहायचं असतं आणि साखर आटोक्यात लागते. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक आदल्या दिवशी सेंटरला फोन करून ठरवा. महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड इंजेक्शन (सोमॅटोस्टॅटिनसारखंच काम करणारं) चालू असेल तर डोटाटेट स्कॅन पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी ठेवतात. ही तारीख नातेवाइकांनीच सांगावी लागते, कारण स्कॅन सेंटरला ती माहीत नसते.

रक्ताच्या तपासणीत क्रोमोग्रॅनिन-ए, म्हणजे या गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन, लिहून देतात. आपल्याकडे अर्धी घरं सकाळी उठून पॅन-४० घेतात, आणि त्या गटातल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी हा आकडा खोटाच वाढतो. किडनी कमजोर असली तरी वाढतो. डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे थांबवता आली तर बरं. एनईसीमध्ये मात्र हा आकडा पुष्कळदा नॉर्मलच असतो. तो नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. चेहरा लाल होणं, वारंवार जुलाब अशी लक्षणं असतील तरच २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए तपासणी करतात. तिच्याआधी साधारण तीन दिवस केळी, अननस, टोमॅटो, वांगी आणि अक्रोड बंद.

पुण्यात कुठे, मुंबईला कधी

पुण्यात रूबी हॉल, दीनानाथ मंगेशकर, सह्याद्री, जहांगीर अशा मोठ्या हॉस्पिटलांत कॅन्सरचे विभाग आहेत. सरकारी सोयीसाठी ससून आहे. क्रमवारी लावण्यात अर्थ नाही. निवड करताना मी दोनच प्रश्न विचारीन: तुमच्याकडे ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांची एकत्र बैठक) बसतो का, आणि या केसवर तिथे पॅथॉलॉजिस्ट आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर हजर असतील का? एकट्या सर्जनने किंवा एकट्या किमोच्या डॉक्टरने एका बैठकीत सगळं ठरवलं, तर थोडं थांबून दुसरं मत घ्या.

एनईसीची किमो पुण्यातच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. औषधं तीच आहेत, आणि रक्तातल्या पेशींचा काउंट खाली गेल्यावर रात्री दोन वाजता पोचता येईल असं हॉस्पिटल जवळ हवं. मुंबईला जावं ते निदानाबद्दल शंका असेल तर, मोठं ऑपरेशन ठरत असेल तर किंवा ल्युटेशियमचा (गाठीपर्यंत किरणोत्सर्ग नेणाऱ्या औषधाचा) विचार असेल तर. परळला टाटा मेमोरियल आहे, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही तिथेच. आपल्याकडचं ल्युटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. डेक्कन क्वीनने दादरला उतरून एका दिवसात सगळं उरकेल असं पहिल्या खेपेला धरू नका. नोंदणी, फाइल, ब्लॉक जमा करणं यातच दिवस जातो. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांचा जुना आधार आहे. जागेसाठी टाटाच्या समाजसेवा विभागात चौकशी करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठी जाताना सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा ठरलेला फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर काढायचं.

एनईसी असेल तर

पसरलेल्या एनईसीत पहिली किमो बहुधा एटोपोसाइडबरोबर सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. तीन दिवस सलाइन, २१ दिवसांनी पुढची सायकल, साधारण चार ते सहा सायकली. सिस्प्लॅटिन किडनीवर आणि कानांवर ताण आणतं, कार्बोप्लॅटिन प्लेटलेट्स खाली आणतं. वय आणि क्रिएटिनिन पाहून त्यातलं एक निवडतात. एटोपोसाइडऐवजी इरिनोटेकन वापरलं तरी चालतं, हे जपानमधल्या अभ्यासातून दिसलं आहे. फुफ्फुसाच्या पसरलेल्या स्मॉल सेलमध्ये ॲटेझोलिझुमॅब किंवा ड्युर्व्हालुमॅब ही इम्युनोथेरपी किमोला जोडतात. पोटातल्या एनईसीला ते सरसकट लागू होत नाही, म्हणून महागडं इंजेक्शन सुचवलं तर कशाच्या आधारावर, हे विचारा. पहिली किमो थकली की फॉलफिरी किंवा फॉलफॉक्स ही किमोची दुसरी मिश्रणं येतात. एकाच जागी असलेल्या गाठीत ऑपरेशन किंवा रेडिएशन किमोसोबत जोडतात. पसरलेल्या एनईसीत मात्र ‘मुख्य गाठ तरी काढून टाका’ हा घरच्यांचा आग्रह सहसा तोट्याचा ठरतो. जखम भरेपर्यंत किमो थांबते, आणि तेवढ्यात आजार पुढे जातो.

‘किती दिवस?’ हा प्रश्न जिन्यात, रुग्णाला मागे ठेवून विचारला जातो. वर सांगितलेल्या २०१३ च्या अभ्यासात आजार पसरलेल्या आणि किमो घेतलेल्या रुग्णांच्या जगण्याचा मध्यक ११ महिने होता. म्हणजे निम्मे त्याच्या आत गेले आणि निम्मे त्याहून जास्त जगले, काही तर बरेच जास्त. दोन सायकलींनंतरचा स्कॅन तुमच्या रुग्णाबद्दल या आकड्यापेक्षा जास्त सांगतो. आणि रुग्णाला हे जाणून घ्यायचं आहे का, हे एकदा त्यालाच विचारा.

नेट जी-३ असेल तर

इथे पर्याय जास्त आहेत. ऑपरेशनने सगळी गाठ निघत असेल तर त्याचा विचार होतो. गोळ्यांमध्ये कॅपेसिटॅबिन आणि टेमोझोलोमाइडची जोडी, म्हणजे कॅपटेम, पुष्कळ वापरतात, विशेषतः स्वादुपिंडाच्या गाठीत. नेहमीच्या वेळापत्रकात कॅपेसिटॅबिन १ ते १४ दिवस सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, टेमोझोलोमाइड १० ते १४ दिवस झोपताना रिकाम्या पोटी, आधी उलटीची गोळी, आणि २८ दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. घरात सर्वांत जास्त गडबड इथेच होते. कालनिर्णयवर दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा आणि गोळी घेतली की त्या खुणेवर काट मारा. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले किंवा जुलाब दिवसातून चार-पाच वेळा वाढले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. एव्हरोलिमस आणि सुनिटिनिब या गोळ्याही काही रुग्णांत वापरतात. या बहुतेकांची जेनेरिक रूपं भारतात मिळतात, तेव्हा कंपनीच्या नावावर अडून बसू नका.

गाठी डोटाटेटवर चांगल्या चमकत असतील तर पीआरआरटी, म्हणजे ल्युटेशियम-१७७ डोटाटेट, हा मोठा पर्याय आहे. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार डोस. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-२ या चाचणीत पोट-आतडी-स्वादुपिंडाच्या, १० ते ५५ टक्के केआय-६७ असलेल्या नेट रुग्णांना तो पहिलाच उपचार म्हणून दिला. आजार वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ नुसत्या जादा डोसच्या ऑक्ट्रिओटाइडवर ८.५ महिने होता, ल्युटेशियमसह २२.८ महिने. एफडीजीवर चमकणाऱ्या पण डोटाटेटवर न दिसणाऱ्या गाठी असतील तर मात्र ल्युटेशियम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दोन पेटची गरज इथे कळते. डोसच्या दिवशी किडनी वाचवण्यासाठी अमिनो ॲसिडची सलाइन बराच वेळ चालते, तिने मळमळ होते. घरी आल्यावर सेंटर सांगेल तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर, भरपूर पाणी, आणि फ्लश दोनदा. वन रूम किचनमध्ये राहत असाल तर नातवंडांची सोय आधीच दुसरीकडे करा.

घरी नजर कशावर ठेवायची

ताप. किमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर ताप गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, थेट इमर्जन्सी. ऑगस्ट ते ऑक्टोबर पुण्यात डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ असतेच, आणि ‘सगळ्यांनाच व्हायरल आहे’ म्हणत घरी थांबण्याचा मोह होतो. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर पहिलं वाक्य ‘किमो चालू आहे’ हे असू द्या, कागद नंतर काढा. दुसरी गोष्ट पाणी. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोड परिसरात जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं. टँकरचं असो वा नळाचं, उकळूनच द्या. तिसरी, जिच्याकडे लक्ष जात नाही: माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, गुंगीत गेला तर लगेच सोडियम तपासा. स्मॉल सेलमध्ये ते एकदम खाली येऊ शकतं. तसंच साखर आणि बीपी अचानक वाढून पोटॅशियम घसरलं, तर गाठ एसीटीएच हार्मोन सोडतेय का, हे पाहावं लागतं.

पैसे

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ते फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरतं राहिलेलं नाही. मंजुरी उपचाराआधी लागते. म्हणून ॲडमिट होण्यापूर्वी त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सी रिपोर्ट दाखवा, आणि लिहून दिलेलं औषध योजनेत बसतं का ते विचारा. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि काउंटरवर न भांडता थेट वैद्यकीय समाजसेवकाकडे जा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. मेडिक्लेम असेल तर पेट स्कॅनची बिलं जपून ठेवा. ॲडमिट होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतला तपासणीखर्च बऱ्याच पॉलिसींत मागता येतो.

वारजे

पुण्याच्या माणसांना हाताशी असूनही उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर. १९९७ पासून तिथे कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतली जाते. ‘तिथे शेवटचे दिवस मोजायला नेतात’ हा समज डोक्यातून काढा. दुखणं, उलट्या, झोप, खाणं यांसाठी किमो चालू असतानाही जाता येतं, आणि उग्र आजारात पहिल्या महिन्यातच त्यांच्याकडे नाव नोंदवावं असं मला वाटतं. बरोबर बायोप्सी रिपोर्ट, शेवटचा स्कॅन आणि चालू औषधांची यादी न्या. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या तर बद्धकोष्ठाचं औषधही त्याच दिवशी मागून घ्या. पुढचा साठा कुठून आणि कोणत्या कागदावर मिळेल, तेही तिथेच विचारून ठेवा. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत, आणि नेमक्या शनिवारी रात्री संपतात.